संगणकाचा राखणदार जुन्या खेळाला चोर का समजतो?

(इयत्ता चौथी)



माणसाला ताप येतो, तसा संगणकालाही रोग होतो. त्याला व्हायरस म्हणतात. पण हा जंतू नसतो. तो कोणीतरी माणसानेच लिहिलेला प्रोग्राम असतो. प्रोग्राम म्हणजे संगणकाने एकामागून एक काय करायचे याची यादी. चांगल्या यादीत ‘बेरीज कर, चित्र दाखव’ असे असते. व्हायरसच्या यादीत ‘दुसऱ्या फाईलमध्ये शीर, आपल्यासारखाच आणखी एक तयार कर, सगळे पुसून टाक’ असे असते. त्याला अडवणारा प्रोग्राम म्हणजे अँटिव्हायरस. आम्ही वर्गात त्याला राखणदार म्हणतो.

राखणदार म्हटल्यावर आपल्याकडे सगळ्यांना समजते. सोयाबीन आणि तूर उभी असली की रात्री रानडुकरे व रोही येतात, म्हणून माणसे मचाणावर बसून जागतात. माझे आबाजीही बसतात. एकदा त्यांनी अंधारात रोही समजून दगड मारला, तर ती शेजाऱ्यांची सुटलेली कालवड निघाली! आबाजी म्हणाले, “अंधारात काळं दिसलं का आधी गोटा मारायचा, मंग पाहायचं कोन होतं थे.” संगणकाच्या राखणदाराचेही असेच होते. जुने खेळ ही त्याची कालवड आहे.

तो खेळ कोणता ते सांगतो. त्याचे नाव डेंजरस डेव्ह. अमेरिकेतील जॉन रोमेरो यांनी तो १९८८ साली तयार केला. लाल टोपीवाला डेव्ह उड्या मारत जातो, वाटेत आग आणि पाणी असते, आणि चषक घेतल्याशिवाय दार उघडत नाही. असे दहा टप्पे आहेत. आपल्या देशात कितीतरी मुलांनी संगणक पहिल्यांदा पाहिला तेव्हा हाच खेळ पाहिला, असे माझे मामा सांगतात. मामा पुण्याला संगणक दुरुस्तीच्या दुकानात कामाला आहेत. दिवाळीनंतर ते शाळेत आले. त्यांनी पेनड्राईव्हवर डेव्हच्या दोन फाईली आणल्या होत्या. एक त्यांच्या जुन्या सीडीतली आणि दुसरी मित्राने दिलेली, ‘सगळे टप्पे उघडे’ असे लिहिलेली. गुरुजींनी पेनड्राईव्ह लावला आणि दोन्ही फाईली डोळ्यांदेखत गायब! पडद्यावर लाल पाटी आली. मामा म्हणाले, “काहून बा, डेव्ह कुठी गेला?”

तो कोंडवाड्यात गेला होता. गावात मोकाट गुरे धरून कोंडवाड्यात घालतात, मारत नाहीत. मालकाने ओळख पटवली की सोडतात. अँटिव्हायरसही संशयाची फाईल एका बंद खोलीत ठेवतो. तेथून ती पळू शकत नाही आणि चालूही होऊ शकत नाही. इंग्रजीत त्याला क्वारंटाईन म्हणतात. हा शब्द करोनाच्या वेळी, २०२० साली, घरोघरी माहीत झाला.

आता राखणदार चोर ओळखतो तरी कसा? पहिली रीत खुणांची. पूर्वी सापडलेल्या व्हायरसच्या खुणा, जसे बोटांचे ठसे, त्याच्याजवळ लिहिलेल्या असतात. प्रत्येक फाईल तो त्यांच्याशी ताडून बघतो. रोज नवे व्हायरस निघतात म्हणून ही यादी इंटरनेटवरून पुन्हा पुन्हा नवी करावी लागते. गुरुजींनी आम्हांला एक गंमत करून दाखवली. आयकार नावाच्या युरोपातील संस्थेने ६८ अक्षरांची एक ओळ ठरवून दिलेली आहे. तिच्यात काहीही विष नाही, ती फक्त तपासणीसाठी आहे. गुरुजींनी ती टाइप करून फाईल जपून ठेवली आणि लगेच लाल पाटी आली! म्हणजे राखणदाराला बरेवाईट कळते असे नाही. त्याला खूण कळते. मला आधी हे खरे वाटेना, म्हणून आम्ही दोनदा करून पाहिले.

दुसरी रीत वागणुकीची. ठसा यादीत नसला तरी कोणी रात्री कुंपणावरून उडी मारली तर आपण ओरडतोच. तसेच एखादा प्रोग्राम संशयाने वागला की अँटिव्हायरस त्याला धरतो. जुने खेळ इथेच सापडतात. त्यांची वागणूक आजच्या मानाने विचित्र असते, पण त्याला कारण आहे.

त्या काळी जागा फार थोडी होती. साडेतीन इंचाच्या फ्लॉपीवर १.४४ एमबी एवढेच मावायचे, त्याआधीच्या काही फ्लॉपींवर तर फक्त ३६० केबी. मामांच्या मोबाईलमधला एक फोटोसुद्धा त्यावर मावणार नाही. म्हणून खेळ तयार करणारे लोक फाईलची घट्ट घडी घालून गाठोडे बांधत. खेळ सुरू केला की गाठोडे आपोआप सुटे. डेव्हची फाईल अशीच दाबलेली आहे, ती शंभर केबीच्याही आत बसते. पण व्हायरस लिहिणारेही आपला चेहरा लपवायला हीच युक्ती करतात. राखणदाराला दोन्ही गाठोडी सारखीच दिसतात. शिवाय आजच्या चांगल्या प्रोग्रामवर कंपनीची संगणकी सही असते, जसा तलाठ्याच्या दाखल्यावर शिक्का. डेव्हच्या वेळी अशी पद्धतच नव्हती. बिनशिक्क्याचा माणूस, बंद गाठोडे घेऊन रात्री फिरतो. मग काय होणार?

सीडीवरच्या खेळांची गोष्ट आणखी निराळी. नक्कल होऊ नये म्हणून कंपन्या त्यात कुलूप घालत. सेफडिस्क नावाच्या कुलपाचा एक भाग संगणकाच्या अगदी आतल्या खोलीत जाऊन बसायचा. तिथून चोर शिरू शकतो म्हणून मायक्रोसॉफ्टने २०१५ साली विंडोज १० मध्ये ते बंदच केले. झाले, कितीतरी लोकांनी पैसे देऊन घेतलेले खेळ सुरूच होईनात. खेळ तोच, सीडी तीच, पण दाराला भिंत.

राखणदार आणि खेळ यांचे भांडण आजचे नाही. डॉसच्या काळात ते जागेवरून होते. तेव्हा प्रोग्रामला मुख्य जागा ६४० केबी. १९९३ साली मायक्रोसॉफ्टच्या डॉस ६ बरोबर व्हीसेफ नावाचा पहारेकरी मिळायचा. तो सतत जागा राहायचा आणि त्या जागेतला थोडा भाग अडवायचा. मग मोठा खेळ म्हणायचा, मला जागा पुरत नाही. भरलेल्या काळीपिवळीत आणखी एकाला बसवायचे म्हणजे कोणाला तरी उतरवावे लागते. पोरे राखणदाराला उतरवत. मग त्याच फ्लॉपीवरून व्हायरस आत यायचा. मायकेलँजेलो नावाचा व्हायरस असाच फ्लॉपीवरून पसरत होता. तो गुपचूप बसायचा आणि ६ मार्चला डिस्कवरची माहिती पुसायचा. १९९२ साली त्याची जगभर भीती पसरली होती.

ह्याच काळात आपल्या महाराष्ट्रात एक गोष्ट घडली. सातारा जिल्ह्यातील रहिमतपूर येथे जन्मलेले कैलास काटकर दहावीनंतर कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या कामाला लागले. मग पुण्यात त्यांनी स्वतःचे दुरुस्तीचे दुकान काढले. पुढे संगणकही दुरुस्तीला येऊ लागले, त्यांत व्हायरस असायचे. धाकटे भाऊ संजय काटकर संगणक शिकत होते. त्यांनी ते काढायचे प्रोग्राम लिहिले. त्यातूनच क्विक हील हा अँटिव्हायरस झाला. १९९५ साली कंपनी निघाली, २००७ मध्ये कंपनीचे नाव क्विक हील टेक्नॉलॉजीज झाले आणि २०१६ मध्ये तिचे शेअर बाजारात आले. मामांच्या दुकानात ही गोष्ट सगळे सांगतात. मामांनाही तसे व्हायचे आहे, पण ते आईला सांगू नका असे ते म्हणाले.

राखणदाराची चूक नेहमी खेळापुरतीच असते असेही नाही. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफी कंपनीची नवी यादी आली आणि तिने विंडोज एक्सपीची स्वतःचीच एक महत्त्वाची फाईल चोर ठरवली. अनेक देशांतले संगणक पुन्हा पुन्हा बंद-चालू होत राहिले. चौकीदाराने घरमालकालाच कोंडले!

आता आमच्या डेव्हचे काय झाले ते सांगतो. वर्गातली काही मुले म्हणाली, अर्ध्या तासासाठी अँटिव्हायरस बंद करा. गुरुजी म्हणाले, शाळेच्या संगणकावर पटाची यादी आहे, पोषण आहाराचा हिशेब आहे, आणि आपण दोन वर्षे गावभर फिरून आज्यांकडून जमवलेल्या जात्यावरच्या ओव्या आहेत. ओव्यांची दुसरी प्रत नव्हती. ती त्यांनी त्याच दिवशी वेगळ्या पेनड्राईव्हवर काढली.

मामांनी स्वतःच्या लॅपटॉपवर दोन्ही फाईली व्हायरसटोटल या ठिकाणी तपासल्या. तिथे एकच फाईल कितीतरी अँटिव्हायरस एकदम पाहतात. २००४ साली स्पेनमध्ये ते सुरू झाले, २०१२ पासून गूगलकडे आहे. ‘सगळे टप्पे उघडे’ वाल्या फाईलला अर्ध्याहून जास्त राखणदारांनी चोर म्हटले, आणि प्रत्येकाने जवळपास एकच नाव सांगितले. ती मामांनी लगेच पुसली. जुन्या सीडीतल्या डेव्हला मात्र फक्त तिघांनी धरले, तेही नाव न सांगता, नुसते ‘संशयित’. बाकीच्यांनी सोडले.

मामा म्हणाले, हा खोटा इशारा आहे. अँटिव्हायरसमध्ये सोय असते. ‘ही एक फाईल सोड, बाकीवर पहारा ठेव’ असे त्याला सांगता येते. पूर्ण पहारा काढायची गरज नाही. आणि डेव्ह डॉसबॉक्समध्ये चालवायचा. डॉसबॉक्स म्हणजे आजच्या संगणकाच्या पोटातला नकली जुना संगणक. गुरुजी म्हणाले, तुमच्या लॅपटॉपवर खुशाल करा, पण इथे तिघे जण बोट दाखवत आहेत तोवर नको. दोघे बराच वेळ बोलत होते. मला मामांचे पटते. पण ओव्यांमध्ये माझ्या आजीच्या अकरा आहेत, म्हणून मी काही बोललो नाही.

शेवटी मामांनी ती फाईल अँटिव्हायरसच्या कंपनीकडे तपासायला पाठवली. अशी फाईल पाठवायची सोय असते, आणि चूक निघाली तर कंपनी आपली यादी दुरुस्त करते. तोपर्यंत डेव्ह कोंडवाड्यात आहे. सुट्टी संपेपर्यंत आम्ही तो मामांच्या लॅपटॉपवर खेळलो. चौथ्या टप्प्याच्या पुढे कोणीच गेले नाही.

खाली उजव्या कोपऱ्यात जो रिकामा चौकोन आखला आहे, तिथे कंपनीचे उत्तर आले की चिकटवू.