स्विचच्या किल्ल्या कोणाकडे?
एसएनएमपी व्हर्जन ३ मधले यूजर आणि पासफ्रेज : एक ओळख

रात्री साडेदहाला हॉस्टेलचं नेट बसलं की आपण सगळे एकच प्रश्न विचारतो, "सर्व्हर डाऊन आहे का रे?" खरं तर सर्व्हर बिचारा बहुतेक वेळा ठीक असतो. कुठल्या तरी मजल्यावरच्या स्विचचा पोर्ट बंद पडलेला असतो, नाहीतर अपलिंक तुडुंब भरलेली असते. नेमकं कुठे बिघडलं हे कळावं म्हणून मॉनिटरिंगचा एक प्रोग्राम ठरावीक वेळाने प्रत्येक स्विचला विचारत राहतो : किती पोर्ट चालू? किती बाइट गेले? एरर किती? हे संभाषण ज्या भाषेत चालतं ती म्हणजे एसएनएमपी, अर्थात सिंपल नेटवर्क मॅनेजमेंट प्रोटोकॉल.

परीक्षेत आपण यावर मॅनेजर, एजंट, एमआयबी अशी टीप लिहितो आणि पाच मार्क घेऊन मोकळे होतो. पण स्विचला प्रश्न विचारायचा अधिकार कोणाला, हा मुद्दा त्या टिपेत येत नाही. हा लेख त्याच मुद्द्यावर आहे.

"नुसतं वाचलं तर काय बिघडलं?" असं कोणी विचारेल. स्विचकडे मॅक अ‍ॅड्रेसचं टेबल असतं आणि राउटरकडे एआरपीचं. ही दोन टेबलं दर पाच मिनिटांनी वाचली की कुठल्या खोलीतला लॅपटॉप कधी चालू झाला आणि कधी बंद झाला याची वहीच तयार होते. गर्ल्स हॉस्टेलच्या स्विचची अशी वही भलत्याच्या हातात पडली तर काय होईल, हे वेगळं सांगायला नको. आणि लिहिण्याचा अधिकार मिळाला तर एका सेट कमांडमध्ये पोर्टचं स्टेटस १ चं २ करता येतं, म्हणजे पोर्ट बंद! सबमिशनच्या आदल्या रात्री अख्खी विंग अंधारात.

पब्लिक आणि प्रायव्हेट

पहिलं व्हर्जन १९९० च्या आरएफसी ११५७ मध्ये पक्कं झालं. त्यात यूजर नव्हताच. होती फक्त कम्युनिटी स्ट्रिंग, म्हणजे सगळ्यांनी मिळून वापरायचा एक शब्द. वाचण्यासाठी 'पब्लिक' आणि लिहिण्यासाठी 'प्रायव्हेट' हे शब्द अनेक उपकरणांत कारखान्यातूनच भरलेले येत, आणि ते बदलायचे कष्ट फार थोडे लोक घेत. शिवाय हा शब्द प्रत्येक पॅकेटमध्ये उघडा जातो. यूडीपीच्या १६१ नंबर पोर्टवर जाणारं एक पॅकेट वायरशार्कमध्ये पकडलं की शब्द समोर दिसतो. १९९६ च्या २सी व्हर्जनने एका फटक्यात भरपूर माहिती आणण्याची सोय दिली, पण कुलूप तेच जुनं राहिलं.

डिसेंबर २००२ मध्ये व्हर्जन ३ पूर्ण स्टँडर्ड झालं. त्यातली आरएफसी ३४१४ यूजर आणि किल्ल्यांबद्दल आहे, तर आरएफसी ३४१५ कोणी काय पाहावं याबद्दल. जुन्या व्हर्जनना तेव्हाच 'ऐतिहासिक' ठरवून टाकलं. तरी बऱ्याच उपकरणांत ती अजूनही चालू करता येतात. म्हणून पहिला नियम : व्हर्जन ३ सुरू केल्यावर १ आणि २सी बंद करा. पुढच्या दाराला नवं कुलूप लावून मागचं दार उघडं ठेवण्यात काय अर्थ?

तीन पायऱ्या

व्हर्जन ३ मध्ये सुरक्षेच्या तीन पायऱ्या आहेत.

१) नोऑथ-नोप्रिव्ह : फक्त यूजरचं नाव सांगायचं. गेटवर नाव सांगून आत जाण्यासारखं, आयकार्ड कोणी बघत नाही.
२) ऑथ-नोप्रिव्ह : आयकार्ड तपासतात. निरोप कोणी पाठवला आणि वाटेत बदलला का, हे कळतं. पण मजकूर उघडाच असतो.
३) ऑथ-प्रिव्ह : आयकार्डही तपासतात आणि मजकूरही एन्क्रिप्ट होतो.

आपल्याला तिसरी पायरी हवी. तिच्यासाठी दोन पासफ्रेज लागतात, एक ओळख पटवण्यासाठी आणि एक एन्क्रिप्शनसाठी. दोन्ही वेगळे ठेवा. सुरुवातीला एमडी५, शा-१ आणि डीईएस एवढेच पर्याय होते. डीईएसची किल्ली ५६ बिटांची. १९९८ साली इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने खास यंत्र बांधून ती तीन दिवसांच्या आत शोधून दाखवली होती. २००४ मध्ये १२८ बिटांचं एईएस आलं, २०१६ मध्ये शा-२ चे प्रकार प्रमाणित झाले. उपकरण साथ देत असेल तर शा-२५६ आणि एईएस ही जोडी घ्या. जुना स्विच असेल तर निदान शा-१ आणि एईएस.

जुनं पॅकेट पकडून पुन्हा पाठवायची युक्तीही इथे चालत नाही. आपण कितव्यांदा चालू झालो आणि त्यानंतर किती सेकंद गेले, हे प्रत्येक एजंट मोजत असतो. निरोपातल्या वेळेत १५० सेकंदांपेक्षा जास्त फरक आढळला तर तो फेटाळला जातो.

पासफ्रेजची किल्ली कशी होते?

हा भाग फार सुंदर आहे. समजा पासफ्रेज २० अक्षरांचा आहे. तो एकापुढे एक लिहीत जाऊन १०,४८,५७६ बाइट, म्हणजे बरोबर २ चा २० वा घात एवढी लांब पट्टी करायची. त्या पट्टीचा हॅश काढायचा. मग तो हॅश, उपकरणाचा इंजिन-आयडी आणि पुन्हा तोच हॅश असे जोडून त्यांचा आणखी एकदा हॅश काढायचा. ही झाली त्या उपकरणापुरती किल्ली.

इंजिन-आयडी प्रत्येक उपकरणाचा वेगळा असतो. त्यामुळे पासफ्रेज एकच असला तरी प्रत्येक स्विचमधली किल्ली वेगळी होते. एखादा स्विच चोरीला गेला आणि कोणी त्यातली किल्ली काढली, तरी त्या किल्लीने दुसरा स्विच उघडत नाही.

यातून दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या. एक, इंजिन-आयडी बदलला की जुन्या किल्ल्या निकामी होतात आणि यूजर पुन्हा बनवावे लागतात. दोन, व्हर्च्युअल मशीनची कॉपी मारली तर इंजिन-आयडीचीही कॉपी होऊ शकते. मग मॅनेजर गोंधळतो आणि 'वेळेच्या चौकटीत नाही' अशा एरर येतात. तेव्हा कॉपी केल्यावर इंजिन-आयडी नवा करून घ्यायचा.

पासफ्रेज किती लांब?

नियमाने किमान ८ अक्षरं. पण ही पास होण्यापुरती अट झाली, डिस्टिंक्शनची नाही. कारण ओळख पटवलेलं एक पॅकेट हातात आलं की हल्लेखोर आपल्या घरी बसून अंदाज लावत राहू शकतो. इंजिन-आयडी पॅकेटमध्येच असतो आणि स्विचला पुन्हा विचारायची गरजच पडत नाही. त्यामुळे 'तीन चुकले की लॉक' असलं संरक्षण इथे मिळत नाही.

थोडं गणित करू. ८ लहान इंग्रजी अक्षरांच्या शक्यता २६ चा ८ वा घात, म्हणजे सुमारे २०,८८२ कोटी. समजा एखादं मशीन सेकंदाला १ लाख अंदाज तपासतं. तर सगळ्या शक्यता साधारण २४ दिवसांत संपतात. तेही अक्षरं फाशाने निवडली असतील तर. 'हॉस्टेल१२३' सारखा शब्द पहिल्या काही मिनिटांतच सापडेल.

आता दुसरी पद्धत. १९९५ मध्ये आर्नोल्ड राइनहोल्ड यांनी मांडलेली डाइसवेअर. पाच फासे टाकायचे, येणाऱ्या आकड्यावरून ७,७७६ शब्दांच्या यादीतला एक शब्द उचलायचा. असे पाच शब्द घेतले तर शक्यता होतात ७,७७६ चा ५ वा घात. त्याच मशीनला त्या संपवायला सुमारे ९० लाख वर्षं लागतील. आणि 'घागर दिवटी मुंगूस पायरी कोयता' असले शब्द रोमन लिपीत टाइप करायला आणि लक्षात ठेवायला आठ वेड्यावाकड्या चिन्हांपेक्षा सोपे जातात. मात्र शब्द फाशांनीच निवडायचे. म्हण, गाण्याचं धृवपद किंवा घोषणा चालणार नाही; ती सगळ्या महाराष्ट्राला पाठ असते. आणि वरचं उदाहरणही छापून झालं, तेव्हा ते आता बाद!

खाती कशी सांभाळायची?

लिनक्सवर नेट-एसएनएमपी हे मोफत पॅकेज मिळतं. यूजर बनवताना आधी एजंट थांबवा. मग त्याच्या कायमस्वरूपी नोंदींच्या फाइलमध्ये 'क्रिएटयूजर' ही ओळ घाला आणि एजंट सुरू करा. सुरू होताना एजंट ती ओळ काढून तिच्या जागी तयार झालेल्या किल्ल्या लिहितो, पासफ्रेज तिथे उरत नाही. नंतर मुख्य फाइलमध्ये 'आरओयूजर' या ओळीने वाचण्याचा अधिकार द्या. इथे एक खोच आहे. ओळीच्या शेवटी 'प्रिव्ह' लिहिलं नाही तर एन्क्रिप्शन नसलेली विनंतीही चालते. एवढा खटाटोप करून मजकूर उघडाच!

बाकीचे नियम थोडक्यात :

१) एका कामाला एक खातं. आलेख काढणाऱ्या प्रोग्रामला फक्त वाचण्याचं खातं द्या, तेही लागेल तेवढ्याच भागापुरतं. लिहिण्याचं खातं गरज नसेल तर बनवूच नका.
२) पासफ्रेज कमांड लाइनवर टाइप करू नका. तो शेलच्या हिस्ट्रीत राहतो. स्वतःच्या कॉन्फिग फाइलमध्ये ठेवा आणि तिची परमिशन ६०० करा.
३) पासफ्रेजची एक प्रत सीलबंद पाकिटात विभागप्रमुखांच्या कपाटात राहू द्या. लॅब असिस्टंट रजेवर आणि नेट बंद, हा प्रसंग येतोच.
४) उगाच दर महिन्याला पासफ्रेज बदलू नका. माणसं मग शेवटचा १ खोडून २ लिहितात. अमेरिकेच्या निस्ट या संस्थेनेही २०१७ च्या मार्गदर्शनात असा कालबद्ध बदल नको असंच म्हटलं आहे. पण माणूस बदलला किंवा गळतीची शंका आली तर त्याच दिवशी बदला.
५) बदलताना आधी सगळ्या उपकरणांवर नवं खातं उघडा, मॉनिटरिंग त्यावर वळवा, माहिती येतेय याची खात्री करा आणि मगच जुनं खातं काढा. उलटं केलं तर मधल्या वेळात तुम्ही आंधळे.
६) जुनी किल्ली फुटली असेल तर तिच्याच जोरावर नेटवर्कवरून नवी पाठवू नका. जुनी किल्ली माहीत असलेला माणूस तो संवाद पकडून नवीही काढू शकतो. अशा वेळी कन्सोल केबल किंवा एसएसएच वापरा.

कॉलेजमध्ये चौथा नियम सगळ्यात महत्त्वाचा. नेटवर्क सांभाळणारी फायनल इयरची मुलं दरवर्षी पास आउट होतात आणि पासफ्रेज त्यांच्या डोक्यात बसून पुण्या-बंगळूरला जातो. त्यांच्यावर अविश्वास दाखवायचा प्रश्न नाही. खोली सोडताना आपण किल्ली रेक्टरांकडे जमा करतोच ना? तसंच हे. नो ड्यूजच्या फॉर्मवर 'नेटवर्क खाती बंद केली' अशी एक ओळ वाढवली तर काम होईल.

कुलूप चांगलं, पण...

जून २००८ मध्ये उघड झालेली एक चूक सांगण्यासारखी आहे. ओळख पटवणारी खूण १२ बाइटची असायला हवी. पण नेट-एसएनएमपीसह अनेक कंपन्यांचे एजंट समोरून जेवढी लांबी येईल तेवढीच तपासत. हल्लेखोराने १ बाइटची खूण पाठवली तर २५६ अंदाजांत काम फत्ते! पासफ्रेज कितीही लांब असला तरी उपयोग शून्य. म्हणून फर्मवेअर आणि पॅकेज अपडेट ठेवणं हाही खातं सांभाळण्याचाच भाग आहे. आणि १६१ पोर्टवर फक्त मॉनिटरिंगच्या मशीनचा पत्ता येऊ द्या, बाकी सगळ्यांना फायरवॉलवर अडवा.

वाचून झालं असेल तर एका शनिवारी करून बघा. दोन लॅपटॉप एका केबलने जोडा, एकावर एजंट चालवा, दुसऱ्यावर वायरशार्क. आधी २सी ने मशीनचं नाव विचारा, मग ऑथ-प्रिव्हने, आणि दोन्ही पॅकेट शेजारी शेजारी ठेवून पाहा. फरक डोळ्यांना दिसेल. फक्त हा प्रयोग स्वतःच्या मशीनवरच करा, मजल्यावरच्या स्विचवर नाही. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या नेटवर्कमध्ये शिरणं २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ आणि ६६ खाली येतं, आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंतच्या कैदेची आहे. स्विचवर 'पब्लिक' चालू आहे अशी शंका आलीच, तर सरळ लॅबमध्ये जाऊन सरांना सांगा. बंद करायला पाच मिनिटंही लागत नाहीत.