स्कॅनर उपटला, पुढे काय?

मेसच्या दारात आय-कार्डावरचा बारकोड वाचणारा यूएसबी स्कॅनर बसवायचा असेल, तर कुणाच्या तरी पायात वायर अडकून तो कधीतरी निघणार हे धरूनच चाला. परत लावला की लिनक्स त्याला ओळखतं, आपला प्रोग्रॅम मात्र ओळखत नाही. आणि समोर भुकेली रांग! ज्युनियर्सचे प्रोजेक्ट वाचताना मला बहुतेकांत हीच उणीव दिसते, म्हणून हा लेख.

असा स्कॅनर सहसा स्वतःला कीबोर्ड म्हणवतो. पिन खोचली की त्यातल्या दीड किलोओहमच्या रोधामुळे एका डेटा लाइनवर व्होल्टेज चढतं आणि हबला कळतं, कोणीतरी आलं. (इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनो, खूश?) मग कर्नल त्याची माहिती विचारतं, ड्रायव्हर जोडतं, /डेव्ह/इनपुट मध्ये 'इव्हेंट५' अशी फाइल उभी राहते आणि नेटलिंक सॉकेटवरून बातमी सुटते. ती युडेव्ह ऐकतो, नियमांप्रमाणे परवानग्या लावतो आणि मगच इतरांना कळवतो.

गोम इथेच आहे. बरेच जण आयनोटिफायने त्या डिरेक्टरीवर पाळत ठेवतात. फाइल दिसते, पण परवानगी अजून लागलेली नसते, आणि ओपन फसतं. त्यापेक्षा लिबयुडेव्हच्या मॉनिटरकडून ऐका. त्यातही आधी मॉनिटर चालू करायचा, नंतर अगोदरच लागलेल्या उपकरणांची यादी घ्यायची. उलट केलंत तर मधल्या क्षणात लागलेलं उपकरण निसटतं. एखादं दोनदा दिसलं तर गाळून टाका, त्यात काही बिघडत नाही.

आणि तो ५ आकडा कोडमध्ये लिहू नका! तो एसटीतल्या सीटसारखा आहे. उतरून परत चढलात तर तीच मिळेल याची खात्री नाही. 'बाय-आयडी' मधली लिंक वापरा. स्वस्तातल्या दोन सारख्या स्कॅनरना सिरियल नंबर नसेल तर ती लिंकही एकच होते; तेव्हा 'बाय-पाथ', म्हणजे कुठल्या पोर्टला लागलाय त्यावरून ओळख.

निघण्याच्या बाजूकडे तर कोणी बघतच नाही. उपकरण गेलं की रीड 'ईनोडेव्ह' ही चूक देतं. ती दुर्लक्षून लूप फिरवत राहिलात तर पोल लगेच परत येत राहतो आणि सीपीयू १०० टक्क्यांवर. फाइल बंद करा आणि बफरमधले अर्धवट आकडेही फेका. नाहीतर एकाच्या कार्डाचे चार आकडे दुसऱ्याच्या कार्डापुढे चिकटतील, आणि जेवला कोण, बिल कुणाला, यावरून महिनाअखेरीस भांडणं.

परत लागल्यावर 'ग्रॅब'ही नव्याने घ्यावा लागतो, कारण तो जुन्या फाइलबरोबरच गेला. विसरलात तर कार्डाचा नंबर समोर जी खिडकी उघडी असेल तिच्यात टाइप होतो.

हे तपासायला स्कॅनर लागतच नाही. 'युडेव्हअ‍ॅडम मॉनिटर' चालवून रूममधला माउस काढा-घाला, बातम्या डोळ्यांसमोर येतात. पुढे यूइनपुटने खोटा कीबोर्ड बनवून तो शंभरदा जोडा-तोडा. मी तर रात्री लूप लावून झोपतो.