मुक्कामावरील कुत्री

शेगावहून दरवर्षी श्रीगजाननमहाराजांची पालखी आषाढी वारीसाठी पायी पंढरपुरास जाते. वाटेत ठिकठिकाणी मुक्काम पडतो. जेथे पंगत बसते, तेथे कुत्री जमायचीच. त्यांना मुक्कामावर येऊ द्यावे काय?

कुत्र्याने पोळी पळविली, तेव्हा ती कोरडी लागू नये म्हणून संत नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, अशी कथा आहे. ही भूतदया थोर होय. परंतु मुक्कामावर माणसे दाटीने निजलेली असतात. अंधारात कुत्र्यावर पाय पडला, तर भ्यालेले जनावर चावते. ते पिसाळलेले असल्यास प्राणावर बेतते. या रोगावरील लस लुई पाश्चर यांनी १८८५ साली प्रथम माणसास टोचली. मात्र लक्षणे दिसू लागल्यावर ती उपयोगी पडत नाही. म्हणून कुत्रा चावताच जखम साबणाने व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी आणि त्वरित दवाखाना गाठावा.

मग कुत्र्यांना दगड मारावेत काय? मुळीच नाही. उरलेले अन्न त्यांना दूर नेऊन घालावे. सोबत पाळीव कुत्रा असल्यास त्याला आधीच लस टोचावी आणि निजण्याच्या जागेपासून दूर बांधावे. शाळेच्या शिबिरातही हाच नियम पाळावा. दयेला सावधपणाची जोड असली, म्हणजे माणूस व मुके जनावर दोघेही निर्धास्त झोपतात.