आवाज थांबवा, वारा नव्हे!

सबमिशनच्या आदल्या रात्री रूमवरचा पीसी घरघरत होता. रूममेटची झोपमोड नको म्हणून मी कॅबिनेटवर सोलापुरी चादर टाकली. आवाज दबला, पण हवा कोंडून पीसी तापला, बंद पडला आणि सेव्ह न केलेला रिपोर्ट गेला!

मग कारण शोधलं. पात्यांवर धूळ कमी-जास्त बसली की फॅनचा तोल जातो. वेग दुप्पट, तर हादरा चौपट! तो स्क्रूवाटे पत्र्यात जातो आणि पत्रा ढोलासारखा वाजतो.

उपाय फुकटातला : प्लग काढा. पातं बोटाने धरून ब्रशने धूळ झाडा. सायकलच्या जुन्या ट्यूबचे वॉशर कापून फॅन आणि पत्र्यामध्ये बसवा, स्क्रूच्या डोक्याखालीही. नाहीतर हादरा स्क्रूमधूनच निसटतो. स्क्रू करकचून आवळू नका.

सोलापूरचा पारा उन्हाळ्यात चाळिशी ओलांडतो, तेव्हा हवेची वाट मोकळीच ठेवा. चादर अंगावरच बरी!