एकट्यापुरते जेवण : फळ आणि चीज घातलेले आम्लेट

‘एकट्यासाठी कोण स्वयंपाक करत बसणार, डॉक्टर?’ हे वाक्य दवाखान्यात आठवड्यातून दोन-तीन वेळा तरी कानावर पडते. बोलणारे निरनिराळे असतात. पत्नी गेल्यानंतर एकटे राहणारे निवृत्त गृहस्थ, मुले पुण्या-मुंबईला असलेल्या आजी, बदली होऊन आलेले बँकेतले कर्मचारी, खोली घेऊन राहणारे कॉलेजचे विद्यार्थी. रात्री काय खाल्ले असे विचारले, की उत्तर मात्र ठरलेले असते. चहा-बिस्किट, चहा-खारी, नाहीतर सकाळची उरलेली पोळी लोणच्याबरोबर.

एखाद्या रात्री असे झाले तर काहीच बिघडत नाही. पण हेच महिनोन् महिने चालले, की शरीर हळूहळू त्याची किंमत मोजू लागते. म्हणून आज मी कोणत्याही औषधाविषयी न लिहिता एका पदार्थाविषयी लिहिणार आहे. एका माणसापुरते, दहा मिनिटांत होणारे, फळ आणि चीज घातलेले आम्लेट. नाव ऐकून काही वाचक हसतील. पण या तीन वस्तू एकत्र का आणायच्या, याला पक्के कारण आहे.

चहा-बिस्किटात काय कमी पडते?

सहा ग्लुकोज बिस्किटांतून जेमतेम दोन ग्रॅम प्रथिने मिळतात. चहातल्या दुधाची आणखी एक-दोन ग्रॅम धरा. पोट भरल्यासारखे वाटते ते मैदा आणि साखरेमुळे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाला रोज वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे ५५ किलो वजनाच्या माणसाला दिवसाला साधारण ४५ ग्रॅम. साठीनंतर तर किलोमागे एक ग्रॅम तरी मिळावीत, असे वृद्धांच्या आजारांचे बहुतेक तज्ज्ञ सांगतात. एक वेळचे जेवण चहावर गेले, तर हा आकडा गाठणे अवघड होते.

प्रथिने कमी पडली, की शरीर आपलेच स्नायू मोडून गरज भागवते. मांड्या बारीक होतात, जमिनीवरून उठताना हात टेकावा लागतो, जिना चढताना कठडा धरावा लागतो. मग एके दिवशी न्हाणीघरात पाय घसरतो आणि खुब्याचे हाड मोडते. घरचे लोक म्हणतात, ‘पडल्यामुळे अंथरूण धरले.’ पण पडण्याची तयारी कित्येक महिने आधीपासून ताटात चाललेली असते.

माझ्याकडे येणाऱ्या एका निवृत्त गृहस्थांचे वजन वर्षभरात सात-आठ किलोंनी उतरले होते. मोठा आजार असणार, अशी सर्वांची खात्री झाली होती. रक्त, लघवी, छातीचा फोटो, पोटाची सोनोग्राफी, सगळे तपासले. काही निघाले नाही. शेवटी दिवसभराचा आहार कागदावर लिहून आणायला सांगितला, तेव्हा उलगडा झाला. पत्नीच्या पश्चात रात्रीचे जेवण त्यांनी सोडूनच दिले होते. दुपारी डब्यातली दोन पोळ्या-भाजी आणि रात्री चहा-खारी. त्यांना टॉनिक नको होते, रात्रीचे जेवण हवे होते. गॅसपाशी उभे राहायची त्यांना सवय नव्हती, तरी आठवड्याभरात ते आम्लेट करायला शिकले. चार महिन्यांत तीन किलो वजन वाढले आणि खुर्चीतून हात न टेकता उठता येऊ लागले.

येथे एक इशारा देतो. वजन आपोआप उतरत असेल, तर ‘खाणे कमी आहे, म्हणून असेल’ असे स्वतःच ठरवू नका. क्षय, मधुमेह, थायरॉइड, कर्करोग अशी कारणे आधी तपासून घ्यावी लागतात.

अंड्यात काय आहे, काय नाही?

एका मध्यम अंड्यात सुमारे सहा ग्रॅम प्रथिने असतात आणि ती उत्तम प्रतीची असतात. उष्मांक साधारण ७० ते ७५. शिवाय अ, ड आणि ब-१२ ही जीवनसत्त्वे मिळतात. आपल्याकडे शाकाहारी मंडळींमध्ये ब-१२ ची कमतरता फार आढळते, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

पण अंडे म्हणजे पूर्णान्न नव्हे. त्यात क जीवनसत्त्व मुळीच नाही आणि चोथाही नाही. कॅल्शियम असते, पण ते बहुतेक सगळे कवचात. आपण खातो त्या भागात फारच थोडे. बलकात लोह असते, पण आतड्यातून ते नीट शोषले जात नाही.

आता जोडी जुळवून पाहा. चीजमधून कॅल्शियम आणि आणखी थोडी प्रथिने मिळतात. फळातून चोथा आणि क जीवनसत्त्व मिळते आणि हे क जीवनसत्त्व लोह शोषायला मदत करते. अंड्यात जे नाही ते या दोघांकडून येते. दोन अंडी, चीजची एक लहान वडी आणि एक पोळी एवढ्यातून १८-१९ ग्रॅम प्रथिने होतात. चहा-बिस्किटाच्या पाचपट!

साहित्य (एका माणसासाठी)

अंडी दोन, चीज एक लहान वडी, म्हणजे सुमारे २० ग्रॅम (चीज नसेल तर तेवढेच किंवा थोडे जास्त पनीर), घट्टसर पेरू किंवा सफरचंद एक, अर्धी हिरवी मिरची, थोडी कोथिंबीर, चिमूटभर मिरपूड, तेल किंवा लोणी एक चहाचा चमचा. चीज खारट असते, म्हणून वेगळे मीठ घालू नये. पनीर घेतल्यास चिमूटभर घालावे.

कृती

१. फळ धुऊन त्याचे दोन भाग करा. एका भागाच्या पातळ चकत्या करा. पेरू असेल तर मधला बियांचा गर काढून टाका. दुसरा भाग कच्चाच खाण्यासाठी बाजूला ठेवा.

२. अंडी वापरण्यापूर्वी धुऊन घ्या. प्रत्येक अंडे आधी वाटीत फोडून वास पाहा आणि मगच भांड्यात ओता. मिरची, कोथिंबीर, मिरपूड घालून काट्याने अर्धा मिनिट फेटा.

३. छोटा तवा मध्यम आचेवर तापवून त्यावर तेल सोडा. फळाच्या चकत्या एक-दोन मिनिटे परता. कडा मऊ झाल्या की काढून घ्या.

४. आच मंद करून त्याच तव्यावर अंडे ओता. खालची बाजू धरली, की अर्ध्या भागावर चकत्या पसरा, वर चीज किसून घाला आणि दुसरा अर्धा भाग त्यावर दुमडा.

५. झाकण ठेवून एक-दीड मिनिट वाफ येऊ द्या, मग उलटून पुन्हा एक मिनिट. आत पातळ अंडे राहता कामा नये.

पोळी, भाकरी किंवा पाव याबरोबर गरम खा आणि बाजूला ठेवलेले फळ त्यासोबत खा. क जीवनसत्त्व उष्णतेने काही प्रमाणात नष्ट होते, म्हणून अर्धे फळ कच्चे खायला सांगितले आहे.

कोणते फळ घ्यावे?

पाणी न सुटणारे, घट्ट फळ घ्यावे. माझी पहिली पसंती पेरूला. १०० ग्रॅम पेरूत २०० मिलिग्रॅमच्या आसपास क जीवनसत्त्व असते. अर्ध्या पेरूत दिवसाची गरज भागते. पेरूवर तिखटमीठ लावून खाणाऱ्या आपल्या लोकांना पेरू आणि खारट चीज यांची जोडी आवडायला वेळ लागत नाही. सफरचंद आणि नासपती चवीला छान लागतात, पण त्यांत क जीवनसत्त्व थोडे असते. तेव्हा वरून लिंबू पिळावे. अननसाचे लहान तुकडेही चालतात. कलिंगड, संत्रे, पिकलेली पपई आम्लेटमध्ये घालू नये. पाणी सुटून सगळा लगदा होतो. ती बाजूला ठेवून खावीत.

ज्यांना अंड्याबरोबर गोड फळ ही कल्पनाच सहन होत नाही, त्यांनी टोमॅटो घालावा. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने तोही फळच आहे.

कोणी काय काळजी घ्यावी?

मधुमेह : साखर कमी करणाऱ्या काही गोळ्या आणि इन्सुलिन घेणाऱ्यांनी नुसते आम्लेट खाऊन झोपू नये. त्यात पिष्टमय पदार्थ फार कमी असल्याने रात्री साखर उतरू शकते. सोबत पोळी किंवा भाकरी हवीच. घाम फुटणे, हात थरथरणे, छातीत धडधडणे, गोंधळल्यासारखे होणे ही साखर उतरल्याची लक्षणे. अशा वेळी तीन चहाचे चमचे साखर पाण्यात घालून ताबडतोब प्यावी. एकटे राहणाऱ्यांनी साखरेचा डबा उशाशी ठेवावा. आणि गोळी घेऊन जेवण टाळणे, हे कधीही करू नये.

रक्तदाब : चीजमध्ये मीठ बरेच असते. रोज चीज खाण्याऐवजी घरचे पनीर वापरावे आणि जेवणात लोणचे-पापड घेऊ नये.

हृदयविकार, वाढलेले कोलेस्टेरॉल : एका अंड्यात २०० मिलिग्रॅमच्या थोडे आत कोलेस्टेरॉल असते आणि ते सगळे बलकात असते. निरोगी माणसाने रोज एक अंडे खाण्यास हरकत नाही. अमेरिकेच्या २०१५ च्या आहारविषयक सूचनांतून रोज ३०० मिलिग्रॅमची जुनी मर्यादा काढून टाकण्यात आली, ती याच विचाराने. तरीही ज्यांना हा आजार आहे, त्यांनी एक पूर्ण अंडे आणि एका अंड्याचा फक्त पांढरा भाग घ्यावा. किती वेळा खावे, ते आपल्या डॉक्टरांना विचारावे.

मूत्रपिंडाचा विकार : प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. हा लेख वाचून वाढवू नये.

अंड्याची अॅलर्जी असणाऱ्यांनी आणि अंडे न खाणाऱ्यांनी अर्धी वाटी बेसनाचे धिरडे करून त्यात पनीर आणि टोमॅटो घालावा. त्यातूनही १४-१५ ग्रॅम प्रथिने मिळतात.

नेहमीच्या शंका

‘कच्चे अंडे जास्त ताकद देते ना?’ व्यायामशाळेत जाणारी मुले हा प्रश्न हमखास विचारतात. उत्तर आहे, नाही. बेल्जियममधील संशोधकांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात शिजवलेल्या अंड्यातील प्रथिने सुमारे ९१ टक्के पचली, तर कच्च्यातील जेमतेम ५१ टक्के. शिवाय कच्च्या अंड्यातून साल्मोनेला नावाचे जंतू पोटात जाऊन जुलाब, उलट्या आणि ताप येऊ शकतो.

‘उन्हाळ्यात अंडे उष्ण पडत नाही का?’ नीट शिजवलेले ताजे अंडे उन्हाळ्यातही पचते. त्रास होतो तो बहुधा शिळ्या किंवा अर्धकच्च्या अंड्याने. अंडे पाण्यात टाकून पाहावे. तळाशी आडवे राहिले तर ताजे. वर तरंगले तर फेकून द्यावे. तडा गेलेले अंडे घेऊच नये. अंडी आणल्याबरोबर धुऊन ठेवू नयेत, कारण कवचावरचे संरक्षक आवरण निघून जाते.

‘नंतर चहा चालेल का?’ तासाभराने घ्यावा. चहातील द्रव्यांमुळे लोह शोषले जात नाही. रक्त कमी असणाऱ्या स्त्रियांनी हे विशेष लक्षात ठेवावे.

‘रोज हेच खायचे का?’ मुळीच नाही. आठवड्यातून दोन-तीन रात्री पुरे. इतर दिवशी मुगाची खिचडी आणि ताक, थालीपीठ आणि दही, पिठले-भाकरी असे काहीही साधे करावे. मुद्दा रात्रीच्या जेवणात प्रथिने असण्याचा आहे.

ज्यांचे आईवडील गावी एकटे आहेत, त्यांनी फोनवर ‘जेवलात का?’ असे विचारू नये. त्याला ‘हो’ हेच उत्तर मिळते. ‘आज काय केले होते?’ असे विचारावे. आणि पुढच्या वेळी घरी याल तेव्हा मिठाईच्या खोक्याबरोबर एक लहान तवा घेऊन या आणि त्यांच्यासोबत उभे राहून एकदा हे आम्लेट करून पाहा.