दोन गाड्यांच्या मधली मुंबई

प्रश्न : आईला घेऊन मुंबईमार्गे प्रवास करणार आहे. आमची गाडी सकाळी आठच्या सुमारास सीएसएमटीला पोचते आणि पुढची गाडी तिथूनच दुपारी अडीचला सुटते. आईनं मुंबई कधीच पाहिलेली नाही. तिचे गुडघे दुखतात आणि सोबत दोन बॅगा आहेत. एवढ्या वेळात सिद्धिविनायक, हाजी अली, मरीन ड्राइव्ह आणि गेट वे उरकेल का?
– एक वाचक, अकोला

उत्तर : उरकेल म्हणून निघालात तर आईंना मुंबई टॅक्सीच्या काचेतूनच दिसेल. प्रभादेवीचा सिद्धिविनायक आणि हाजी अली दोन्ही उत्तरेला, सकाळच्या गर्दीत जाणं-येणं आणि वर दर्शनाची रांग. ती दोन्ही ठिकाणं मुक्कामाला याल तेव्हासाठी ठेवा. साडेसहा तासांतून सामान, नाश्ता, जेवण आणि वेळेआधी परतणं वजा केलं की चार तास उरतात. तेवढ्यात फोर्ट भाग छान होतो. स्टेशनपासून जेमतेम दोन-अडीच किलोमीटरच्या टापूत जागतिक वारसा यादीतली दोन स्थळं आहेत आणि त्यातलं पहिलं म्हणजे तुम्ही उतरणार आहात ते स्टेशनच.

आधी बॅगा क्लोक रूममध्ये टाका. बॅगेला कुलूप लागतं, तिकीट दाखवावं लागतं आणि सामान तपासून घेतात, म्हणून कुलपं घरूनच आणा. मग बाहेर पडून रस्त्याच्या पलीकडे उभं राहून इमारत पाहा. रोज लाखो लोक तिच्या पोटातून धावतात, पण मान वर करून पाहणारे थोडेच. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स या वास्तुविशारदानं ती उभारली. १८७८ मध्ये काम सुरू झालं आणि पुरं व्हायला दहा वर्षं लागली. २००४ मध्ये ती जागतिक वारसा यादीत गेली. घुमटावर उभी असलेली स्त्री म्हणजे प्रगतीचं प्रतीक. तिच्या उजव्या हातात उंचावलेली मशाल आहे आणि डाव्या हाताशी चाक. फाटकाच्या खांबांवर एकीकडे सिंह, दुसरीकडे वाघ बसला आहे. सिंह इंग्लंडचा, वाघ हिंदुस्थानचा. भिंतींवरची पानं-फुलं, मोर, माकडं आईंना नक्की दाखवा. हे बरंचसं कोरीवकाम जे. जे. कलाशाळेतल्या विद्यार्थ्यांच्या हातचं आहे. दर्शनी भागावर रेल्वे कंपनीशी संबंधित लोकांचे दगडी मुखवटे आहेत, त्यांत जगन्नाथ शंकरशेट आणि जमशेटजी जीजीभॉय हेही आहेत. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी सुटली, ती सुरू करणाऱ्या कंपनीत या दोघांचा वाटा होता. नाना शंकरशेटांचा चेहरा त्या भिंतीवर शोधून काढायला पाच मिनिटं लागली तरी द्या.

समोरची तितकीच भव्य महापालिकेची इमारतही स्टीव्हन्सचीच, १८९३ ची. ती जाता-येता दिसतेच. नाश्त्यालाही लांब जायला नको : समोरच्या कॅपिटॉल सिनेमाच्या इमारतीत ‘आराम’चा वडापाव मिळतो आणि जवळच्या गल्लीत पंचम पुरीवाल्याकडे पुरीभाजी.

तिथून टॅक्सी करून थेट ओव्हल मैदानावर जा. आईंचे गुडघे संग्रहालयासाठी राखून ठेवायचे आहेत. मला विचाराल तर अख्ख्या फेरीत चुकवू नये अशी जागा हीच, आणि बहुतेक पाहुणे नेमकी हीच चुकवतात. मैदानाच्या मध्यावर उभं राहून आधी पूर्वेकडे पाहा. मुंबई विद्यापीठ, राजाबाई टॉवर, उच्च न्यायालय अशी टोकदार कमानींची, काळ्या-पिवळ्या दगडांची रांग दिसेल. टॉवरसाठी पैसे दिले कापसाच्या व्यापारात गबर झालेल्या प्रेमचंद रायचंद यांनी, आणि नाव दिलं आपल्या आईचं. तुमच्या आईंना ही गोष्ट आवडेल. आता मागे वळा. पश्चिमेला गोलसर गच्च्यांच्या, फिकट रंगांच्या चार-पाच मजली इमारती आहेत, मुख्यतः १९३० च्या दशकातल्या. दोन्ही रांगांत साधारण साठ वर्षांचं अंतर आहे. पहिली रांग बांधली तेव्हा तिच्यासमोर समुद्र होता. पुढे बॅकबेमध्ये भराव घातला, समुद्र मागे सरला आणि त्या नव्या जमिनीवर नव्या चालीची घरं उठली. मुंबई समुद्र हटवून वाढली हे पुस्तकात वाचलेलं असतं, इथे ते डोळ्यांनी दिसतं. या सगळ्या परिसराला २०१८ मध्ये वारसा यादीत जागा मिळाली. रविवार असेल तर मैदानात एकाच वेळी कितीतरी क्रिकेटचे सामने चालू असतील.

दहा वाजून गेले की छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय उघडतं. सगळे मजले पाहण्याचा हट्ट धरू नका, तळमजला पुरे. घुमटाखाली नाशिकच्या एका जुन्या वाड्यातली लाकडी कमानींची चौकट बसवली आहे. शिल्पदालनात ऐहोळेच्या देवळाच्या छतावरचे सातव्या शतकातले दगडी फलक आहेत. मूळ जागी हे फलक मान मोडेपर्यंत वर बघून पाहावे लागले असते, इथे ते नजरेच्या उंचीवर आहेत. तासाभरानं आईंना आवारातल्या झाडांखाली बसवा.

गेट वे तिथून चालत दहा मिनिटांवर आहे. त्याचा आणि संग्रहालयाचा वास्तुविशारद एकच, जॉर्ज विटेट. सुरक्षा तपासणीची रांग मोठी असेल तर बाहेरून, ताज हॉटेलच्या बाजूनं पाहून मागे फिरा. घारापुरीच्या बोटीचा विचारही नको. एका बाजूचाच तास जातो.

परतीची टॅक्सी हुतात्मा चौकात मिनिटभर थांबवा. १८६४ च्या कारंज्याशेजारी मशाल धरलेले शेतकरी आणि कामगार उभे आहेत. २१ नोव्हेंबर १९५५ ला याच परिसरात संयुक्त महाराष्ट्रासाठी निघालेल्या मोर्चावर गोळीबार झाला. अकोल्याहून आलेल्या माणसानं हा चौक पाहिल्याशिवाय जाऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

दीड वाजता स्टेशनात असा. लांब पल्ल्याच्या गाड्या आठ ते अठरा क्रमांकाच्या फलाटांवरून सुटतात आणि अठरा नंबर पी. डिमेलो रस्त्याच्या बाजूला, जुन्या इमारतीपासून बराच लांब आहे. आईंना आधी फलाटाजवळच्या बाकावर बसवा आणि मग बॅगा सोडवायला जा.