घरच्या घरी अवकाशवीराचं चिलखत

शाळेच्या गॅदरिंगमध्ये वेशभूषा स्पर्धा जाहीर झाली की पालकांची धाव ड्रेपरीवाल्याकडे. मावळ्याची पगडी, राजाचा अंगरखा, झाशीच्या राणीची ढाल सगळं भाड्याने मिळतं. पण सातवीतल्या पोराला सिनेमातला अवकाशवीर व्हायचं असेल तर ड्रेपरीवाल्याचाही नाइलाज होतो. ऑनलाइन मागवावं तर बहुतेक वेळा पातळ कापडावर चिलखताचं नुसतं चित्र छापून येतं. मग उरतो एकच मार्ग, घरी करण्याचा. तो वाटतो तेवढा अवघड नाही.

सिनेमातली चिलखतंही लोखंडाची नसतात. १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’मधल्या सैनिकांची पांढरी चिलखतं पातळ प्लास्टिकची होती. प्लास्टिकचा पत्रा तापवून साच्यावर ओढून ती घडवलेली होती. आपण प्लास्टिकऐवजी ईव्हीए फोम वापरणार आहोत. चपलांच्या तळव्यात, योगा मॅटमध्ये आणि लहान मुलांच्या खोलीत अंथरायच्या जोडचौकटींमध्ये हाच फोम असतो. तो कटरने कापला जातो, गरम केला की वळतो आणि थंड झाला की वळलेला आकार धरून ठेवतो.

एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करा. चिलखत चांगलं की वाईट ते रंगावर आणि दिव्यांवर ठरत नाही, मापावर आणि सांध्यांवर ठरतं. ज्याला घालून हात वर करता येत नाही, जिना चढता येत नाही, त्या चिलखताला स्टेजवर अर्थ नाही.

खालची कृती बारा ते चौदा वर्षांच्या मुलासाठी आहे. गॅदरिंगच्या निदान तीन आठवडे आधी काम सुरू करा.

साहित्य

- ईव्हीएच्या ६० × ६० सेंमी जोडचौकटी, १० मिमी जाड: सहा
- योगा मॅट, ६ मिमी जाड: एक (ईव्हीएचीच घ्या; पीव्हीसीची मॅट तापवली की घातक धूर निघतो)
- मोठ्या खोक्यांचा पुठ्ठा आणि जुनी वर्तमानपत्रं
- सोल्युशन, म्हणजे चप्पल दुरुस्त करणारे कारागीर वापरतात ते रबराचं चिकटद्रव्य. फेव्हिकॉल एसआर चालतो
- पांढरा फेव्हिकॉल
- कटर आणि त्याची जादा पाती, लोखंडी पट्टी, मापाची कापडी टेप, रुंद चिकटपट्टी, काचपेपर
- हेअर ड्रायर किंवा हीट गन. दोन्ही नसतील तर इस्त्री आणि बटर पेपर
- चार सेंमी रुंद इलॅस्टिक, शिवायचं वेल्क्रो, बॅगेची प्लास्टिक बक्कलं
- काळा अ‍ॅक्रिलिक रंग, चंदेरी स्प्रे
- पारदर्शक प्लास्टिक शीट (फाइलचं कव्हर चालतं)
- पाच व्होल्टची यूएसबी एलईडी पट्टी आणि लहान पॉवर बँक

यातलं बरंचसं इस्लापूरसारख्या गावातही जमेल. खोके किराणा दुकानातून, सोल्युशन चप्पल शिवणाऱ्याकडून, बक्कलं बॅग दुरुस्तीवाल्याकडून. फोम आणि स्प्रे मात्र किनवटहून किंवा नांदेडहून आणावे लागतील. कुणी जाणारं असेल तर यादी आधीच हातात द्या, एकेका वस्तूसाठी खेप घालू नका.

थर्माकोल मुळीच घेऊ नका. स्प्रेमधलं द्रावण लागलं की थर्माकोल विरघळून खड्डे पडतात आणि वाकवला की तो तुटतो. शिवाय मार्च २०१८ पासून महाराष्ट्रात सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे.

कृती

१. चित्र काढा. पोराला समोर बसवून समोरून, मागून आणि बाजूने अशी तीन चित्रं काढून घ्या. सिनेमातल्या चिलखताची हुबेहूब नक्कल करण्यापेक्षा आपला वीर आपणच ठरवणं सोपं जातं, कारण चुकलं तरी कुणी मूळ चित्र दाखवून नावं ठेवत नाही. किनवट–आदिलाबाद पट्ट्यातल्या गोंड वस्त्यांवर दिवाळीत दंडार, म्हणजे नाचणाऱ्यांची मंडळी, निघते, तिच्यातल्या गुसाडी नर्तकांचा मोरपिसांचा टोप इथल्या मुलांनी पाहिलेला असतो. साहजिकच तो चित्रात उतरवावासा वाटतो. पण तो टोप श्रद्धेचा आहे, स्पर्धेच्या सोंगासाठी त्याची नक्कल करू नका. घ्यायची तर त्यातली एक गोष्ट घ्या: डोक्याचा साज उंच आणि रुंद असला की माणूस लांबूनही ओळखू येतो. मागच्या रांगेतल्या प्रेक्षकालाही आपला वीर तसाच दिसला पाहिजे.

२. मापं घ्या. मूल आतून जे कपडे घालणार तेच घालून मापं घ्या: काळा पूर्ण बाह्यांचा सुती टी-शर्ट आणि काळी लेगिंग. छाती, कंबर, खांदा ते कंबर, दंड, मनगट, मांडी, पोटरी आणि डोक्याचा घेर लिहून ठेवा.

इथे फोमच्या जाडीचा हिशेब धरावा लागतो. १० मिमी फोमची नळी केली की आतली गोलाई साधारण ३ सेंमीने कमी भरते. म्हणून दंडाचा घेर २५ सेंमी असेल तर ३ सेंमी जाडीचे आणि आणखी ३ सेंमी हालचालीचे धरून ३१ सेंमीची पट्टी कापा. छातीला जाडीचे ३ आणि श्वासाचे ६ सेंमी धरा.

३. खाका करा. फाटायला आलेला टी-शर्ट मुलाला घालून त्यावर रुंद चिकटपट्टी सैलसर गुंडाळा, मानेपासून कंबरेपर्यंत. गळ्याभोवती आणि श्वास अडेल अशी कुठेही आवळू नका. वर स्केचपेनने छातीची, पाठीची, बरगड्यांची पाटी आखा आणि मधली उभी रेघ ओढा. मग पाठीमागून कात्रीने सरळ कापून टी-शर्ट उतरवा आणि आखलेले तुकडे वेगळे करा. हाच तुमचा खाका. फक्त उजवी बाजू जपून ठेवा. डावी बाजू तीच उलटी करून काढा, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या येतील. प्रत्येक तुकड्यावर नाव आणि ‘वर’ दाखवणारा बाण लिहा.

कापड शिवताना शिलाईसाठी जादा सोडतात, तसं इथे काही सोडायचं नाही. फोम कडेला कड लावून जोडला जातो.

४. आधी पुठ्ठ्याचं करा. ही पायरी गाळायचा मोह सगळ्यांना होतो. गाळू नका. खोक्याच्या पुठ्ठ्यातून सगळे तुकडे कापून चिकटपट्टीने जोडा आणि मुलाला घाला. आता त्याला चार गोष्टी करायला सांगा: दोन्ही हात डोक्यावर नेणं, खाली वाकून पेन उचलणं, खुर्चीत बसणं, दोन पायऱ्या चढणं. जिथे अडेल तिथे कापा. बहुतेक वेळा काखेत अडतं. तिथे नालेच्या आकाराची खोलगट जागा काढा. कोपर आणि गुडघ्यापाशी वरच्या व खालच्या नळीत ३–४ सेंमी मोकळी जागा सोडा. आतला काळा कपडा तिथे दिसेल, त्याचं वाईट वाटून घेऊ नका.

५. फोम कापा. खाका फोमवर ठेवून बॉलपेनने आखा. कटर लोखंडी पट्टीच्या आधाराने, एका लांब ओढीत चालवा. पुढे-मागे करवतीसारखं चालवलं तर कड दातेरी होते. फोम पात्याची धार फार लवकर खातो, म्हणून पात्याचं टोक वरचेवर मोडून नवी धार घ्या. काटकोनात वळायच्या कडा ४५ अंशांच्या तिरक्या कापा. हे काम मोठ्यांनी करायचं.

छातीच्या पाटीला फुगीरपणा हवा असतो. सपाट फोम तो देत नाही. मग ब्लाउजला टक्स घालतात तसं करा: कडेपासून आत एक पाचर कापून काढा आणि दोन्ही कडा जुळवून चिकटवा. पाटी आपोआप उभार घेते. गल्लीत ब्लाउज शिवणाऱ्या ताई असतील तर टक्स कुठे आणि किती खोल घ्यायचे हे त्यांना विचारा, तुमचे दोन फोम वाया जायचे वाचतील.

६. तापवा, वळवा, रेघा पाडा. जोडण्याआधी प्रत्येक तुकडा गरम हवेने शेका. हवा सतत फिरती ठेवा. फोमचा खरखरीत मॅटपणा जाऊन हलकी चमक आली की थांबा. त्या चमकेचा अर्थ वरची छिद्रं बंद झाली, पुढे रंग कमी लागेल. लगेच तो तुकडा डब्यावर किंवा पाण्याच्या बाटलीवर वळवून पूर्ण थंड होईपर्यंत धरून ठेवा. व्हिनेगरसारखा आंबट वास यायला लागला तर फोम जळण्याच्या बेतात आहे, हवा दूर करा आणि खिडकी उघडा. वीज नसेल तर गॅसच्या आचेवर फोम धरण्याचा उद्योग करू नका. तो पेटला की जळते थेंब गळतात. इस्त्री वापरणार असाल तर मधे बटर पेपर ठेवा.

यंत्राच्या सांध्यांसारख्या रेघा हव्यात तर कटरने फोमच्या निम्म्या जाडीपर्यंत चीर द्या आणि तिच्यावर गरम हवा सोडा. चीर डोळ्यांसमोर उघडते आणि तिची स्वच्छ खोबण बनते.

७. चिकटवा. जोडायच्या दोन्ही कडांना सोल्युशनचा पातळ थर लावा. दहा-पंधरा मिनिटं थांबा. बोटाला चिकटेनासं झालं की कडा जुळवून दाबा. ओलं असताना दाबलं तर जोड धरत नाही आणि एकदा दाबल्यावर सरकवता येत नाही, म्हणून एका टोकापासून बोट-बोट पुढे जा. सोल्युशनची वाफ पेट घेते आणि डोकंही दुखवते. चुलीपासून, देवापुढच्या दिव्यापासून लांब, अंगणात किंवा गच्चीवर बसून काम करा. ग्लू गन झटपट वाटते, पण तापलेल्या पत्र्याखाली ठेवलेल्या पोशाखाचे गोंदाचे जोड मऊ पडतात. ती सजावटीच्या बारीक तुकड्यांपुरती ठेवा.

८. शिरस्त्राण. यासाठी ६ मिमी फोम घ्या. कपाळापासून मानेपर्यंत जाणारी मधली पट्टी आणि दोन कानांकडच्या पाट्या असे तीन भाग पुरे. आतला घेर डोक्यापेक्षा ४ सेंमी मोठा ठेवा आणि ती पोकळी आतून फोमच्या लहान गाद्यांनी भरा. गाद्यांच्या मधून हवा खेळते, शिरस्त्राण डुलत नाही. डोळ्यांसमोर पारदर्शक शीट लावा, पण हनुवटीपाशी पूर्ण बंद करू नका. तोंडासमोर बोटभर फट असेल तर शीट धुरकटत नाही आणि पोराला श्वास घेता येतो.

९. पट्टे लावा. छातीची आणि पाठीची पाटी खांद्यावर इलॅस्टिकने आणि बगलेत बक्कलांनी जोडा. खांद्यावरचे गोल तुकडे छातीच्या पाटीला चिकटवू नका, इलॅस्टिकवर टांगा, म्हणजे हात वर गेला की तेही वर जातात. चिकटणारं वेल्क्रो घामाने सुटतं, म्हणून शिवायचं वेल्क्रो घ्या. फोम काचपेपरने खरवडून त्यावर जाड कापडाची पट्टी सोल्युशनने लावा आणि वेल्क्रो त्या कापडाला शिवा. मांडीच्या नळ्या खाली घसरतात. त्या कंबरपट्ट्याला इलॅस्टिकने बांधा.

१०. रंगवा. फेव्हिकॉलमध्ये निम्मं पाणी घालून तीन पातळ हात द्या, प्रत्येक हात पूर्ण वाळू द्या. त्यावर काळा अ‍ॅक्रिलिक आणि शेवटी चंदेरी स्प्रे. स्प्रे हातभर अंतरावरून मारा. जानेवारीत पहाटे दव असतं, तेव्हा रंग पांढुरका पडतो. ऊन वर आल्यावर, वारा नसताना मारा. कडांवर कोरड्या ब्रशने थोडा गडद रंग घासा, नवं कोरं चिलखत लढाईवरून आल्यासारखं दिसतं. जिथे फोम वाकतो तिथे रंगाचा जाड थर नको, तडे जातात.

११. दिवे. छातीच्या मागच्या बाजूने एलईडी पट्टी चिकटवा आणि पॉवर बँक कंबरेच्या पाकिटात ठेवा. सुटे निळे किंवा पांढरे एलईडी पाच व्होल्टवर लावणार असाल तर प्रत्येकाला १०० ओहमचा रेझिस्टर हवा. भिंतीतल्या विजेची वायर अंगावरच्या पोशाखाला कधीही जोडायची नाही.

घालताना

आधी पाय, मग धड, मग हात, सगळ्यात शेवटी शिरस्त्राण. लघवी त्याआधी उरकून घ्या. फोममधून घाम जात नाही, तेव्हा नाव पुकारण्याच्या दहाच मिनिटं आधी शिरस्त्राण चढवा आणि उतरल्यावर लगेच काढा. मधे पाणी स्ट्रॉने पाजा. शिरस्त्राणातून पायाखालचं दिसत नाही, म्हणून स्टेजच्या पायऱ्यांवर कुणीतरी हात धरायलाच हवा. सोबत सोल्युशनची छोटी ट्यूब, चिकटपट्टी आणि चार सेफ्टी पिना ठेवा.

सगळं मिळून वजन दोन किलोच्या आत राहिलं पाहिजे. जास्त भरलं तर पाठीच्या पाटीचा आतला भाग कोरा, कुणाला दिसत नाही.

कार्यक्रमानंतर चिलखत ओल्या फडक्याने पुसून, सावलीत वाळवून, खोक्यात सपाट ठेवा. उन्हाळ्यात पत्र्याच्या माळ्यावर टाकलं तर उष्णतेने फोम आकसतो आणि आकार बिघडतो. खाके मात्र नावं लिहून जपा. मापात चार-दोन सेंमी कमी-जास्त केले की पुढच्या वर्षी तेच खाके धाकट्याच्या किंवा शेजारच्या पोराच्या कामी येतील, आणि त्यांनाही ते मागायला लाज वाटू देऊ नका.